ऐन उमेदीत अंगावरून वारं गेलं तर?



आरोग्य खात्याचं पत्रक हातात पडलं की तुम्ही मनात म्हणता, "आल्या परत ताई, तांबी नि नसबंदी सांगायला." या वेळी विषय थोडा निराळा आहे. पण शेवटपर्यंत वाचलंत तर ध्यानात येईल, की तो तुमच्या मुलाबाळांशी आणि पाळणा लांबवण्यासाठी तुम्ही जे साधन वापरता त्याच्याशीही जोडलेला आहे. नवरा-बायकोने एकत्र बसून वाचावं, ही विनंती. एकाने वाचून दुसऱ्याला सांगितलं तरी चालेल.

आपल्याकडे म्हणतात, "अमक्याच्या अंगावरून वारं गेलं." कुणी लकवा म्हणतात, कुणी अर्धांग. डॉक्टर पक्षाघात म्हणतात आणि मुंबईहून आलेला पुतण्या 'स्ट्रोक' म्हणतो. आजार एकच. सकाळी न्याहारी करून उठलेला माणूस पडवीपर्यंत जातो आणि तिथेच कलंडतो. तोंड एका बाजूला वाकडं, हात लुळा, बोलायला जातो तर शब्द फुटत नाही. आपण हे बहुतेक म्हाताऱ्या माणसांत पाहिलेलं असतं. म्हणून मनात पक्कं बसलंय, की हा साठी-सत्तरीनंतरचा भोग आहे, आपल्याला त्याची आत्ताच काय चिंता?

हा समज आता सोडायला हवा. जागतिक स्ट्रोक संघटनेने २०२२ साली जी माहिती प्रसिद्ध केली तीत म्हटलं आहे, की जगात वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास लोकांना नव्याने पक्षाघात होतो आणि त्यांतले शंभरांत सोळांहून अधिक १५ ते ४९ वयाचे असतात. म्हणजे दर सहा रुग्णांमागे एक जण तुमच्या-आमच्या वयाचा. अमेरिकेसारख्या देशातही गेल्या काही दशकांत पक्षाघाताने होणारे एकूण मृत्यू कमी झाले, पण त्याच काळात तरुण वयाच्या रुग्णांची इस्पितळातली भरती मात्र वाढली. आपल्या मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत एका वस्तीत घरोघर नोंद ठेवून पाहणी झाली होती. वर्षाला लाख माणसांमागे १४५ जणांना पहिला झटका आला, आणि झटका आलेल्यांपैकी शंभरांत सुमारे तीस जण अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावले. त्या पाहणीतले पुष्कळ रुग्ण वयस्क होते हे खरं, पण सगळे नव्हते.

आणि वयाने फरक किती पडतो बघा. सत्तरीच्या आजोबांना वारं गेलं तर उचलायला मुलगा असतो, जेवण भरवायला सून असते. पस्तिशीच्या माणसाला गेलं तर? मुलगी तिसरीत, मुलगा अंगणवाडीत, सोसायटीचं कर्ज अर्धं फिटलेलं, कलमांना खत घालायचं राहिलेलं. कमावणारा आडवा पडला की बायकोला एकाच वेळी नर्स, गडी आणि बाप व्हावं लागतं. आणि आजारी पडणारी ती असेल, अंगावर पिणारं बाळ असेल, तर त्या घराची काय दशा होते ते मी गावोगाव फिरताना पाहिलं आहे. म्हणून हे लिहिते.

मेंदूत नेमकं होतं काय?

ज्यांच्या पोफळीच्या बागा आहेत त्यांना हे लगेच समजेल. वरच्या व्हाळावरून पाट काढून आपण बागेला पाणी देतो. पाटात पाचोळा आणि माती साचून तोंड बंद झालं, तर पुढच्या झाडांना पाणी मिळत नाही, ती माना टाकतात. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली की हेच होतं. दुसरा प्रकार म्हणजे पाण्याच्या जोराने पाटाचा बांधच फुटतो. पुढे पाणी जात नाही आणि फुटल्या जागी चिखल होतो तो वेगळाच. मेंदूतली नळी फुटून रक्तस्राव होतो तो हा प्रकार. गुठळीचे रुग्ण जास्त, रक्तस्रावाचे कमी, पण रक्तस्राव अधिक जीवघेणा.

झाडं दोन दिवस पाण्यावाचून तग धरतात. मेंदू धरत नाही. मोठी नळी बंद पडली तर एका मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी केलेला आहे. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार पाहतो आणि उजवा डाव्या बाजूचा. म्हणून अर्धंच अंग लुळं पडतं. बोलण्याची जागा बहुतेकांच्या डाव्या भागात असते. उजवा हात गेला की वाचाही जाते ती त्यामुळे. यात कोणाच्या नजरेचा, करणीचा किंवा राखणदाराच्या कोपाचा संबंध नाही.

बांध कमकुवत कोण करतं?

रक्तदाब. पक्षाघाताला कारण होणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर वाढलेल्या रक्तदाबाचा. बत्तीस देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आलं, की दहा कारणं अशी आहेत की पक्षाघाताचा नव्वद टक्के धोका त्यांच्यातूनच येतो, आणि ती दहाही माणसाच्या हातातली आहेत. रक्तदाब, तंबाखू, दारू, मधुमेह, चरबी, वाढलेलं पोट, बैठं काम, चुकीचा आहार, मनावरचा ताण आणि हृदयाचे विकार.

रक्तदाबाची खोड अशी, की तो दुखत नाही. काट्याने पाय दुखतो, दाढ किडली तर ठणकते. रक्तदाब दहा वर्षं वाढलेला असला तरी माणूस शेतात नांगर धरतो, होडी लोटतो, एस.टी. चालवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ मधल्या पाचव्या फेरीत आपल्या देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत शंभरांत २४ आणि स्त्रियांत २१ जणांचा रक्तदाब वाढलेला आढळला, किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. तळेऱ्याच्या तिठ्यावर संध्याकाळी उभ्या असलेल्या चार मोठ्या माणसांत एक, असं धरून चाला. तो चौथा आपण नाही, हे पट्टा बांधल्याशिवाय कळायचं कसं?

इथे एक चांगली गोष्ट सांगते. रक्तदाब शोधून गावातच औषध देण्याचा जो राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले निवडक जिल्हे घेतले होते. महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, वर्धा आणि आपला सिंधुदुर्ग. डोंगरकपारीतल्या वाड्या असलेला आपला जिल्हा यात सुरुवातीपासून आहे. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. यात जादू काही नाही. केंद्रावर मोजणी, ठरलेली साधी गोळी, एका वेळी महिनाभराची पुडी, आणि जो परत आला नाही त्याची चौकशी. एवढंच, पण नेमाने.

वरचा आकडा १४० आणि खालचा ९०, यांतला एकही पुढे गेला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच आला, तर तो वाढलेला समजावा. मोजण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसावं. धावत चढण चढून आलात आणि लगेच पट्टा बांधलात तर आकडा फसवा येतो. चहा, विडी, तंबाखू अर्धा तास आधी नको.

गोळी चालू झाली की पुढचा घोटाळा ठरलेला. "महिनाभर घेतली ताई, बरं वाटलं, म्हणून बंद केली." अहो, आधी तरी कुठे वाईट वाटत होतं? गोळीने दाब उतरला आहे म्हणूनच आकडा बरा आला. छपराला आधार दिला म्हणून छप्पर उभं आहे, आधार काढला तर? डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नये, आणि शेजाऱ्याची गोळी "त्याला चांगली लागली" म्हणून आपणही घेऊ नये.

मिठाबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो. पावसात चार महिने ताजी मासळी कमी, मग सुका बांगडा, सुकट, खारवलेली कैरी, पापड आणि पेजेबरोबर लोणचं हेच आपलं तोंडीलावणं. मीही त्यावरच वाढले. पण माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, एवढं मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि सुक्या मासळीचा एक तुकडाच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. सुकं सोडा असं म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जमायचं नाही. मग एवढं करा. सुका मासा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी दोनदा फेकून द्या, कालवणात वेगळं मीठ घालू नका, आणि ज्या दिवशी सुकं त्या दिवशी लोणचं-पापड नको. ताटात वरून मीठ वाढायची पद्धत तर आजपासून बंद करता येईल.

तंबाखू. पुरुषांची विडी-सिगारेट दिसते, बायकांची मिश्री दिसत नाही. पहाटे चुलीजवळ बसून दात घासायला म्हणून मिश्री लावणाऱ्या कितीतरी बहिणी "मी तंबाखू खात नाही" असं मला सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटिन रक्तात जातं, नाडी वाढते, दाब वाढतो. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खिशातल्या पुड्या अजून संपलेल्या नाहीत. दारूचं तसंच. शनिवारी एका बैठकीत पोटभर पिणाऱ्याला वाटतं, मी रोज थोडाच पितो? एकदम खूप पिण्यानेही दाब उसळतो आणि हृदयाचे ठोके चुकतात.

अंगाने काटक असलं, व्यायाम केला, तर मग भीती नाही ना? भीती कमी होते, संपत नाही. बंगळूरचे उद्योजक नितीन कामत व्यायामाबद्दल काटेकोर म्हणून ओळखले जातात. त्यांना २०२४ च्या सुरुवातीला, वयाच्या ४४ व्या वर्षी सौम्य झटका आला, आणि तो त्यांनी स्वतः जाहीर केला. वडिलांच्या निधनाचं दुःख, अपुरी झोप, थकवा, अंगातलं पाणी कमी होणं, फाजील व्यायाम, यांपैकी काहीही कारण असू शकेल असं त्यांनी लिहिलं. मुंबईत रात्रपाळी करून दिवसा दोन तास झोपणाऱ्या आपल्या चाकरमान्यांनी हे वाचावं.

आणखी एक कारण आपल्या देशात तरुणांत दिसतं. लहानपणी घसा वारंवार सुजतो, मग सांधे दुखतात, सुजतात, आणि आपोआप बरे होतात. पण तो संधिवाताचा ताप जाता जाता हृदयाची झडप खराब करून जातो. पुढे त्या हृदयात गुठळी धरते आणि सुटून मेंदूत जाते. तरुण मुलीला चढणीवर दम लागत असेल, छातीत धडधड होत असेल, तर "अशक्तपणा आहे" म्हणून सोडू नका. लग्नाआधी, निदान पहिल्या गर्भारपणाआधी, हृदय तपासून घ्या.

दोन जिवांची बाई आणि बाळंतीण

आता जे सांगते ते सासूबाईंनीही ऐकावं.

तरुण बाईला पक्षाघाताचा धोका सगळ्यांत जास्त असतो तो गर्भारपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत. त्याची कारणं दोन. एक म्हणजे गर्भारपणात चढणारा रक्तदाब. पाय सुजतात ते सगळ्यांचेच थोडेफार सुजतात, पण तोंड आणि हात सुजले, डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक आली, बरगडीखाली पोटात कळ आली, तर ती वाट बघायची वेळ नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बाळ झालं की संकट टळलं असंही नाही. दाब बाळंतपणानंतरही चढू शकतो. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. ती चुकवू नये. घरी बाळाला बघायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. ती आली की बाळाचं वजन होतंच. "माझं डोकं दुखतंय" हेही तिला सांगा, आणि दाब मोजायची सोय करायला लावा.

दुसरं कारण म्हणजे बाळंतपणात रक्त दाट होतं, पटकन गोठतं. निसर्गानेच तशी योजना केली आहे, नाहीतर बाळंत होताना बाई रक्त जाऊन मेली असती. पण त्याच वेळी अंगात पाणी कमी पडलं आणि रक्त आधीच फिकं असलं, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी धरते. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ साली गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झालेल्या १३५ रुग्ण स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. एका गावच्या आसपास इतक्या! आपल्या देशातल्या डॉक्टरांना हा आजार चांगलाच परिचयाचा आहे.

आणि आपल्याकडची रीत काय? बाळंतिणीला पाणी देऊ नका, पोट सुटेल. बाळाला सर्दी होईल. वर शेकशेगडी, धुरी, बंद खोली. घामाने असलेलं पाणीही जातं. बाळंतिणीला शेक द्यायचा तर द्या, तेल लावा, अळीव आणि डिंकाचे लाडू खाऊ घाला, त्याला माझी ना नाही. पण पाणी तोडू नका. उकळून गार केलेलं पाणी, पेज, सार, तहान लागेल तेवढं द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्तच पाणी लागतं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही घ्यायच्या असतात.

या गुठळीची सुरुवात बहुधा डोकेदुखीने होते. दिवसागणिक वाढणारी, उलटीसह, झोपल्यावर जास्त. मग नजर धूसर, मग झटके, मग एक बाजू लुळी. झटके आले की घरात एकच गलका होतो, "बाहेरचं लागलं, बाळंतिणीला धरलंय." मग गाऱ्हाणं, अंगारा, कौल. यात जे दोन दिवस जातात तेच तिचे असतात. वेळेवर इस्पितळात नेलं तर रक्त पातळ करण्याच्या औषधाने यातल्या बहुतेक बायका चांगल्या बऱ्या होतात, घरी येऊन बाळाला पाजतात. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. पण आधी गाडी बोलवा, मग नारळ ठेवा.

तुम्ही वापरता ते साधन

पाळणा लांबवण्यासाठी रोज घ्यायची जी गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते, ती 'माला-एन'. तिच्यात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य असतं. निरोगी, तंबाखू न घेणाऱ्या तरुण बाईला ती चालते आणि लाखो बायका ती घेतात. गोळीपेक्षा गर्भारपणातच गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून हे वाचून घाबरून पाकीट चुलीत टाकू नका. पण काही जणींनी ही गोळी घेऊ नये. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, पस्तिशीनंतर ज्या विडी-सिगारेट ओढतात, ज्यांना अर्धशिशी आहे आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा चमक येते, ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला किंवा पायाच्या शिरेत गुठळी झाली, ज्यांच्या हृदयाची झडप खराब आहे, आणि ज्या अंगावर पाजतात व बाळ अजून सहा महिन्यांचं नाही, त्या सगळ्यांनी. म्हणून गोळी सुरू करताना रक्तदाब मोजायचा असतो आणि पुढेही अधूनमधून. कोणी न मोजता पाकीट हातात ठेवलं तर "ताई, आधी पट्टा बांधा" असं बेधडक म्हणावं.

मग अशा बाईने काय वापरावं? तांबीत हार्मोन नाही, रक्तदाबवाल्या बाईलाही ती चालते. एक प्रकारची पाच वर्षं, दुसरी दहा वर्षं टिकते. 'छाया' गोळीत इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. 'अंतरा'चं इंजेक्शन तीन महिन्यांनी असतं, तेही पुष्कळ जणींना सोयीचं पडतं, पण रक्तदाब फार वाढलेला असेल किंवा आधी झटका येऊन गेला असेल तर डॉक्टर बहुधा दुसरं साधन सुचवतील. निरोधचा तर या आजाराशी काही संबंधच नाही. आणि मुलं पुरी झाली असतील तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बायकोच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. बायकोला रक्तदाब आहे, तिला भूल देणं जोखमीचं आहे, हे माहीत असूनही नवरा "आमच्यात पुरुष करत नाहीत" म्हणतो, तेव्हा मला राग येतो. पत्रकात राग लिहू नये म्हणतात, पण येतो.

आणखी एक गोष्ट. रक्तदाबासाठी देतात त्या गोळ्यांतली एक, टेल्मिसार्टन, गरोदर बाईला देत नाहीत, कारण पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला अपाय होतो. तेव्हा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईने मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं, ते गोळी बदलून देतात. पाळी चुकल्यावर सांगण्यात उशीर होतो. आणि स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं हे तर त्याहून वाईट. मूल केव्हा हवं हे आधी ठरवलं, तर आईचा दाबही आधीच ताब्यात आणता येतो.

झटका आला तर

तीन गोष्टी बघा. माणसाला हसायला सांगा, तोंडाची एक बाजू पडते का? दोन्ही हात समोर उचलायला सांगा, एक हात खाली येतो का? "तुझा नाव काय, गाव काय," असं विचारा, बोलणं अडखळतं का, भलतंच बोलतो का? तिन्हींपैकी एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. एकाएकी कधी न दुखलेलं इतकं डोकं दुखणं, एकदम दिसेनासं होणं, तोल जाणं हेही त्यातच आलं. आणि दहा मिनिटांनी सगळं आपोआप बरं झालं, तरीही जा. तो पुढच्या झटक्याचा निरोप असतो.

घड्याळ का? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. आणि ते देण्याआधी डोक्याचा सी.टी. स्कॅन करावाच लागतो, कारण गुठळी आहे की रक्तस्राव ते बाहेरून कळत नाही, आणि रक्तस्रावात तेच इंजेक्शन घातक. म्हणूनच घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये, दाब उतरवायला म्हणून जादा गोळी देऊ नये. तोंडात पाणी, चहा, कांद्याचा रस काहीही घालू नये, घशाचे स्नायू लुळे असतात, ते फुप्फुसात जातं. एका कुशीवर निजवा. शेवटचा धडधाकट केव्हा पाहिला ती वेळ कागदावर लिहा. चालू औषधं आणि आधारकार्ड, रेशनकार्ड पिशवीत घाला, सरकारी योजनेतून उपचार मिळण्यासाठी ती लागतात. मालीश, कबुतराचं रक्त, झाडपाल्याचा लेप, यांत वेळ घालवू नका.

आता आपल्या तळेऱ्याचा विचार करा. मुंबई-गोवा महामार्ग दारातून जातो, म्हणजे आपण नशीबवान. कणकवली पंचवीसेक किलोमीटर. ओरोसचं जिल्हा रुग्णालय त्याच्या पुढे, तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पूर्वेला वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूर नव्वदेक किलोमीटर, पण पावसात दरड आली की घाट बंद. दक्षिणेला गोव्याचं बांबोळी लांब पडतं. साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आतल्या वाडीतून रस्त्यापर्यंत माणसाला खुर्चीत बसवून आणायला अर्धा तास, नातेवाईक जमेपर्यंत एक तास, "आधी गावच्या डॉक्टरांना दाखवू" यात आणखी एक, असे ते जातात. म्हणून आजच, सगळे बरे असताना, आशाताईला किंवा उपकेंद्रावर विचारून ठेवा: सी.टी. स्कॅन रात्री कुठे चालू असतो? कोणत्या इस्पितळात हे इंजेक्शन मिळतं? उत्तर भिंतीवर लिहून ठेवा, शेजारच्या गाडीवाल्याच्या नंबरासकट. १०८ वाल्यांना "पक्षाघात वाटतो" हा शब्द सांगा, म्हणजे ते थेट योग्य जागी नेतील.

वेळ निघून गेली तरी जाणं सोडू नका. इस्पितळात काळजी घेतली तर जीव वाचतो, पुढचा झटका टळतो. तरुण मेंदू शिकतो लवकर. रोज व्यायाम करून, बोलण्याचा सराव करून पुष्कळ जण पुन्हा कामाला लागतात. पहिले तीन ते सहा महिने फार मोलाचे. तेव्हा बिछान्यात "आराम" करायला ठेवू नका. अशा घरात पुढचं मूल केव्हा, की नकोच, आणि कोणतं साधन, हे दोघांनी डॉक्टरांसमोर बसून ठरवावं. हा विषय काढायला कोणी लाजतं, आणि मग तीन महिन्यांत दिवस राहतात.

उपकेंद्रावर रक्तदाब मोजायला पैसे लागत नाहीत. दोघांनी यावं. घरधनी मुंबईत असतील तर गणपतीला येतीलच. त्या आठवड्यात एका सकाळी, आरतीच्या आधी, त्यांना घेऊन या. दोन मिनिटं लागतात. आकडा कागदावर लिहून देऊ, तो मुंबईला जाताना त्यांच्या पाकिटात असू द्या.